आगोटीआधी ड्रायर

३ मे

आगोटीची यादी करायला घेतली की लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड-कुरडया, कौलांची शाकारणी हे ठरलेलं. आमच्या यादीत यंदा ड्रायर पहिला. मृग लागायच्या आत हे मशीन धड व्हायला हवं. घरात तान्हं बाळ आहे, सासूबाईंची अंथरुणं-पांघरुणं आहेत, आणि रत्नागिरीच्या जुलैत पडवीतल्या दोऱ्यांवर लोंबून राहिलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी सुकवायचो. खरं आहे, पण त्या दुपट्यांना धुराचा वास यायचा हेही त्याच सांगतात.

मशीन असं: साडेपाच किलोचं, गरम ओली हवा नळीतून बाहेर टाकणारं साधं मॉडेल. हीटर २००० वॉट. टाइमर हाताने फिरवायचा. मुक्काम मागच्या पडवीत, धुलाई मशीनच्या शेजारी. आत एकच मोटर. तिच्या एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाच्या कप्पीवरून पट्टा ड्रमभोवती फिरतो.

गेल्या पावसाळ्यापासूनची लक्षणं: तासाभराच्या फेरीनंतरही टॉवेल दमट. ड्रम फिरताना कुईकुई. कपडे भरलेले असले की सुरू होताना आधी नुसता ‘गूं’ असा आवाज आणि मग झटक्याने फिरायला लागतो. मध्ये एकदा ड्रम फिरे पण गरमच होईना, तेव्हा एक दुरुस्तीवाला ‘थर्मोस्टॅटचा प्रॉब्लेम होता, केला चालू’ म्हणून पैसे घेऊन गेला. चालू झालं, पण तेव्हापासून मशीनचा मागचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. हे मला तेव्हापासून खटकतंय.

उघडण्याआधी मोजमाप केलं, नाहीतर नंतर ‘जरा बरं वाटतंय’ यापलीकडे काही सांगता येत नाही. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेतला. टॉवेल आणि दोन चादरी, कोरड्या असताना ३ किलो. धुलाई मशीनमधून पिळून निघाल्यावर ४.९ किलो. ड्रायरमध्ये एक तास फिरवल्यावर ४ किलो. म्हणजे १.९ लिटर पाण्यातलं जेमतेम ०.९ लिटर गेलं. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मीटर वाचला: १.३ युनिट.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागतेच, त्यात कुठलंही मशीन सूट देत नाही. आपण त्याच्या दुपटीहून जास्त घालवतोय.

वायरमनदादांनी बोर्डातल्या फेजच्या तारेवर क्लॅम्प मीटर लावून बघितलं. काही मिनिटं ८.९ अँपिअर, मग खट्कन ०.९, मग परत ८.९. नुसती मोटर ०.९ घेते, बाकीचा हीटर. म्हणजे हीटर शाबूत आहे, त्याला आतून कोणीतरी सारखं बंद करतंय. दादांचं मत वेगळं पडलं: “वहिनी, पावसात हवाच ओली, मशीन तरी काय करनार?” यावर मी तेव्हा काही बोलले नाही. हिशोब पुढे लिहिते.

५ मे

आज फक्त वीज. मशीनचा १६ अँपिअरचा प्लग एका एक्स्टेन्शन बोर्डात होता आणि बोर्डाची वायर असली की फोन चार्ज करायला ठीक. प्लगची एक पिन तपकिरी पडलेली, सॉकेटच्या आत पितळ सैल. बोर्ड हद्दपार. भिंतीवर नवा १६ अँपिअरचा सॉकेट, मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी.

मग अर्थिंग. फेज आणि अर्थ यांमध्ये दादांनी बल्ब लावून बघितला तर मिणमिणता. जांभ्याची जमीन मे महिन्यात वीतभर खोल कोरडीठाक असते, तिथे वीज मुरणार कुठे? अर्थिंगच्या खड्ड्यावरचं फरशीचं झाकण कधी काळी अंगणाच्या कामात बुजलं होतं, ते शोधून काढलं, वरची गंजलेली जोडणी घासून नट बदलला, आणि खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतलं. संध्याकाळी बल्ब लख्ख. त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, बसवला. पत्र्याचं मशीन, ओली फरशी आणि अनवाणी माणसं जिथे एकत्र आहेत तिथे हा खर्च टाळण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी सातला सॉकेटमध्ये व्होल्टेज २०४. दुपारी २२४ होतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे २३० वर २००० वॉट देणारा हीटर २०४ वर १५७० च्या आसपास येतो. ड्रायर दुपारीच लावायचा, हा नियम आजपासून.

९ मे

प्लग काढून मशीन ओढून पुढे घेतलं. आधी लव अडवणारी जाळी. दर खेपेला ती झटकतोच, त्यामुळे दिसायला स्वच्छ. पण नळाखाली धरली तर पाणी जाळीवर वाटीत साठावं तसं साठून राहिलं, खाली गळेचना. कपड्यांना मऊपणा आणणारं जे निळं पाणी शेवटच्या धुण्यात घालतो, त्याचा मेणचट थर जाळीच्या बारीक छिद्रांवर बसतो. डोळ्यांना दिसत नाही, हवेला मात्र दिसतो. भांड्यांचा साबण, गरम पाणी, जुना टूथब्रश. पाच मिनिटांत पाणी सरळ खाली. ही परीक्षा आता दर महिन्याला.

मग मागचा पत्रा. स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेले, दोन तर डोकं सोलवटून निघाले. आत मोटरवर, पंख्याच्या कवचात, तळाच्या ट्रेमध्ये राखाडी लव थरांनी बसलेली. कपाटातल्या जुन्या उशीचा कापूस फुटावा तशी ती ओंजळीत येत होती. मरून वाळलेली एक पालही निघाली. रंगाच्या कोरड्या ब्रशने सुटी करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली. फुंकणीने किंवा ब्लोअरने उडवू नये, ती नेमकी हीटरच्या पेटीत जाऊन बसते.

हीटरची पेटी उघडली आणि खटकणारी गोष्ट सापडली. पेटीच्या पत्र्यावर नाण्याएवढ्या दोन चकत्या आहेत, हेच थर्मोस्टॅट. एक तापल्यावर हीटर तोडते आणि गार झाल्यावर आपणहून जोडते. दुसरी राखणदार: पहिली कमी पडली तर ही तोडते, आणि मग मधलं लाल बटण हाताने दाबल्याशिवाय जोडत नाही. या दुसऱ्या चकतीच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. ‘केला चालू’ तो असा. राखणदाराने हवा अडली म्हणून बरोबर काम केलं होतं आणि त्या माणसाने राखणदारच बाद केला. वायरच्या तुकड्याचं प्लास्टिक करपून ठिसूळ झालेलं, आणि त्याच्या चार बोटांवर लवेचा पुंजका.

ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या शेफर्ड्स कोर्ट या इमारतीला लागलेली आग एका घरातल्या सदोष ड्रायरपासून सुरू झाली होती. लव हे अतिशय चांगलं सरपण आहे. चूल पेटवायला मी स्वतः तिचा बोळा वापरून पाहिलाय, एका काडीत पेटते. अशा मशीनमध्ये राखणदार कापून ठेवणं याला दुरुस्ती म्हणायची माझी तयारी नाही.

तुकडा काढला. हीटरच्या दोन्ही स्प्रिंगा मीटरने मोजल्या: ५३ ओहम आणि ५४ ओहम. हजार हजार वॉटच्या दोन, तेव्हा ५३ हेच बरोबर उत्तर. नायक्रोमची (हीटरची) तार कुठेही लोंबलेली नाही, अभ्रकाच्या पट्ट्या अखंड.

१० मे

हीटरला सारखं तोडायला लावणारी अडचण नळीत असणार, म्हणून आज नळी.

मशीनपासून भिंतीतल्या भोकापर्यंत चार इंची प्लास्टिकची सुरळीची नळी, गरजेपेक्षा दुप्पट लांब, मशीनच्या मागे वेटोळं घालून दडपलेली. वेटोळ्याच्या पोटात ओंजळभर पाणी आणि त्यात लवेचा लगदा. बाहेरच्या तोंडाला उंदीर आणि जिवाणं येऊ नयेत म्हणून कोणीतरी बारीक तारेची जाळी ठोकलेली. ती आतून लवेने नमद्यासारखी भरून गेलेली. आणि त्याच्यावर, उन्हाळाभर मशीन बंद असल्याने निवांत जागा बघून, कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. पाच खोल्या, सगळ्या लिंपून बंद. स्क्रूड्रायव्हरने फोडली तर आत वाळलेले कोळी.

हवेला बाहेर जायला चिमूटभर जागा उरली होती. हवा हलत नाही, म्हणून हीटरची पेटी तापते, म्हणून चकती तोडते, म्हणून कपडे ओले राहतात, म्हणून आपण दुसरी फेरी लावतो. थर्मोस्टॅट बदलणारा माणूस घराबाहेर जाऊन भोक बघतच नाही, आणि सगळं उत्तर तिथे मातीने लिंपून ठेवलेलं असतं.

दादांच्या ओल्या हवेचा हिशोब. पावसातली हवा २८ अंशांवर ९० टक्के आर्द्र धरली. तीच हवा हीटरवरून जाऊन ६० अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांवर येते, कारण गरम हवेची पाणी धरायची ताकद कितीतरी जास्त. मे महिन्यातली ३२ अंशांची, ६० टक्क्यांची हवा तेवढीच तापवली तर १४ टक्के. सतरा आणि चौदा. फरक आहे, पण टॉवेल ओले राहण्याइतका नाही. ओल्या हवेचा त्रास होतो तो वेगळ्या कारणाने: नळी गळत असली आणि पडवीची दारं पावसामुळे बंद असली, तर मशीन आपलीच सोडलेली वाफ परत ओढतं.

१४ मे

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून चार इंची गॅल्वनाइज्ड पत्र्याचा सरळ पाइप आणि एक बाक करून घेतला. प्लास्टिकचा पीव्हीसी पाइप दुकानात तयार मिळतो, स्वस्तही आहे, पण त्यावर लव चिकटते आणि आगीत तो साथ देणार नाही. पत्रेवाल्याला दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागल्या. एक, जोडावर स्क्रू मारायचे नाहीत. आत डोकावणारं प्रत्येक टोक लव धरून ठेवतं. बाहेरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळायची. दोन, प्रत्येक पाइपचं आत शिरणारं टोक हवा जाते त्या दिशेला. त्याने जन्मभर पन्हळी केल्यात, त्यामुळे हे त्याला माझ्याआधीच कळलेलं होतं.

भिंतीतलं भोक पश्चिमेला होतं. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा येतो, त्या तोंडात वाऱ्याने पाणी आणि हवा उलटी घुसायची. ते बुजवून उत्तरेच्या भिंतीला नवं पाडलं. जांभा असल्याने पाडणं सोपं, कडा नीट ठेवणं अवघड. सिमेंटने गिलावा करून घेतला. पाइपला बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे आत साचलेलं पाणी मशीनकडे येणार नाही. तोंडाला वरून बिजागरी असलेली हलकी पत्र्याची झडप: हवा आली की उघडते, थांबली की स्वतःच्या वजनाने मिटते. जाळी नाही. पडवीच्या दाराला खालून हात-दीड हात लांबीची झरोक्याची पट्टी ठेवली, कारण मशीन जेवढी हवा बाहेर टाकतं तेवढी आत यायलाही हवी.

१८ मे

मुंबईहून सामान आलं. भाचा लोहार चाळीत जाऊन चकत्या घेऊन आला. जुन्यावर छापलेलं तापमान, अँपिअर आणि बटणाचा प्रकार यांचा फोटो पाठवला होता, तंतोतंत तेच हवं असं बजावून. ‘ही जरा जास्त तापमानाची आहे, सारखी तुटणार नाही’ असं दुकानदार म्हणालाच. भाच्याने घेतली नाही, शाबास.

बाहेर जाणाऱ्या हवेतला तिसरा थर्मोस्टॅट जुनाच ठेवायचा का, हे तपासायला तो काढून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मीटरच्या वायरी बाहेर ठेवल्या, आणि पातेल्यात पाणी तापवत थर्मामीटर धरून बसले. छापील आकडा ६५. ६६ वर टक्कन तुटला, गार होताना ५५ च्या सुमारास जोडला. राहू दे.

‘गूं’ आवाजाचं कारण कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारी डबी. टर्मिनल आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मगच हात लावला. लिहिलंय ८ मायक्रोफॅरड, मीटर सांगतो ५.७. नवा आठचा आणला.

पट्टा काढून बोटांवर उलटा वाकवला तर त्याच्या कण्यांमध्ये, म्हणजे लांबीभर गेलेल्या उंचवट्यांमध्ये, आडव्या भेगा. त्याच्या पाठीवर पुसट छापलेलं असतं: लांबी मिलिमीटरमध्ये, मग एच हे अक्षर, मग उभ्या कण्यांची संख्या. दुकानात तेवढं सांगितलं की पुरतं, मशीनचं मॉडेल कोणी विचारत नाही.

कुईकुई ताण देणाऱ्या छोट्या चाकातून येत होती. त्याच्या पिनेवर लव आणि जुनं ग्रीस मिळून काळा दगड झालेला. खरवडून, रॉकेलने पुसून, पूर्ण वाळवून, जास्त तापमान सहन करणारं ग्रीस काडीच्या टोकाएवढंच लावलं. बरणीतलं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल इथे घालू नये, महिन्याभरात लव बसून परत तेच.

टर्मिनलच्या लगांवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या पितळी जोडण्यांवर) हिरवट चुरा आलेला, समुद्राची हवा. दोन लग तापून निळे पडलेले. वायर थोडी मागे कापून नवे लग क्रिम्प केले.

२१ मे

जोडणी. पट्ट्याच्या कण्या ड्रमकडे, सपाट पाठ बाहेर. खालून हात घालून पट्ट्याचा फास ताणचाकाखालून ओढून मोटरच्या कप्पीवर चढवायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांच्या टोकांवर. काढताना फोनवर फोटो काढले होते ते या वेळी कामाला आले. पत्रा लावायच्या आधी ड्रम हाताने पूर्ण फिरवून पट्टा मध्यभागी स्थिरावतो का बघितलं.

ड्रम आणि पुढच्या पत्र्यामधली फेल्टची पट्टी एका बाजूने झिजलेली आहे. उशांच्या अभ्र्यांच्या टोकांवर राखाडी डाग पडतात ते इथूनच. बारीक कापड फटीत ओढलं जातं. फेल्ट मागवलीय.

२२ मे

तीच टॉवेल-चादरींची रास, तीच ४.९ किलो, दुपारी दोन वाजता. तासाभराने ३.३ किलो. वीज १.७ युनिट. लिटरमागे आधी १.४ युनिट पडत होतं, आता १.०६. शेवटचं ओलेपण घालवायला आणखी वीस मिनिटं. मागचा पत्रा कोमट. बाहेर झडप पूर्ण आडवी उघडते आणि हवा हातभर लांबूनही जाणवते. अँपिअर मीटर सलग ८.९ च्या आसपास, मधेच तुटणं बंद.

धुलाई मशीनला ८०० ऐवजी १२०० फेऱ्यांवर पिळायला लावलं तर तीच रास ४.९ ऐवजी ४.६ किलोची निघते. ते ३०० मिलिलिटर पाणी तिथे जवळपास फुकट जातं. कापसाच्या कपड्यांना हरकत नाही.

१६ जून

पाऊस लागून आठवडा झाला. बाहेर धो धो, आर्द्रतामापकावर ९२. तीच परीक्षा: तासात ४.९ वरून ३.४. दादा योगायोगाने इन्व्हर्टरचं पाणी बघायला आले होते, त्यांच्या हातात गरम टॉवेल दिला. “हां, म्हनजे भोकाचाच घोळ होता,” म्हणाले, आणि लगेच उत्तरेच्या भिंतीला जाऊन झडप बघून आले. त्यांच्या मेव्हण्याकडे असंच मशीन आहे, तिथेही जाळी ठोकलेली आहे म्हणे.

पडवीच्या दारावर घरच्यांसाठी कागद चिकटवलाय:

जाळी दर खेपेला झटकायची. फेरी मध्येच थांबवून गरम कपड्यांचा ढीग आत ठेवायचा नाही; शेवटची दहा मिनिटं हीटर बंद ठेवून मशीन कपडे गार करतं ते उगाच नाही. बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे, स्वयंपाकघरातली तेल पुसलेली फडकी, फोमच्या उशा आत नाहीत. तेलाचं कापड ढिगात गरम राहिलं तर आपोआप तापत जातं.

सासूबाईंनी पंच्यांच्या मुद्द्यावर वाद घातला. त्यांचे पंचे आता आधी सोड्याच्या गरम पाण्यात भिजतात आणि दोरीवर वाळतात.

२ जुलै

फेल्ट आली, पण रुंदीला कमी. परत पाठवली. तोवर अभ्रे एका मोठ्या उशीच्या खोळीत घालून, तोंडाला गाठ मारून फिरवतेय. वेळ जास्त लागतो, डाग पडत नाहीत.

आतापर्यंतचा खर्च: चकत्या, कपॅसिटर, पट्टा आणि लग मिळून १,७५० रुपये. पत्र्याचा पाइप, बाक आणि झडप १,४००. वायर, सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबी यांचे ४,३०० आणि दादांची मजुरी वेगळी. गवंड्याने भोकाचे पैसे घेतले नाहीत, त्याला वाळवलेल्या चादरी नकोत, आंब्याची पेटी हवी होती, ती दिली.

दिवाळीनंतर मशीन बंद करताना करायचं: नळीच्या आतल्या तोंडाला जुन्या धोतराचा बोळा, म्हणजे कुंभारमाशी परत घर थाटणार नाही. आणि प्लगला चिठ्ठी बांधायची: ‘आधी बोळा काढा.’